प्रशिक्षण दिल्लीचे, देखरेख गावाची

(उलवे येथील व्याख्यानाचा संपादित अंश)

८ ऑक्टोबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच समारंभात महाराष्ट्र शासनाच्या अल्पकालीन रोजगारक्षमता कार्यक्रमाचाही शुभारंभ झाला. ४०० शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था, १५० शासकीय तांत्रिक विद्यालये आणि २,५०० नव्या तुकड्या असा त्याचा विस्तार आहे. विमानतळाची बातमी देशभर गाजली. परंतु उलव्याच्या परिसरातील भूमिपुत्राच्या दृष्टीने त्या दिवशीची दुसरी घोषणा अधिक जिव्हाळ्याची होती.

या भूमीने दिलेले दान लहान नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि भातशेती, मिठागरे, खाजणे नव्या शहरासाठी संपादित होऊ लागली. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे तत्त्व शासनाला स्वीकारावे लागले. पुढे सुमारे १,१६० हेक्टरांवरील विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोल्ही, कोपर अशी दहा गावे उठली. वडघर, वहाळ, कुंडेवहाळ परिसरात त्यांचे पुनर्वसन झाले. भूखंड विकला जातो, मोबदला संपतो. हाती राहते ते कसब. म्हणून येथे कौशल्य प्रशिक्षण हा उपकार नसून ऋणाची परतफेड आहे, आणि ती खोटी ठरता कामा नये.

ही भीती निराधार नाही. केंद्राची प्रधानमंत्री कौशल विकास योजना १५ जुलै २०१५ रोजी सुरू झाली. हेतू उदात्त होता, निधीही विपुल होता. परंतु डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडलेल्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने २०१५ ते २०२२ या काळाचे चित्र उघड केले. तपासलेल्या नोंदींपैकी ९४ टक्क्यांहून अधिक प्रशिक्षणार्थ्यांच्या बँक खात्याचा रकाना रिकामा, शून्यांनी भरलेला वा निरर्थक होता. एकच छायाचित्र अनेक नावांपुढे आढळले. अल्पमुदतीच्या प्रशिक्षणातून प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी सुमारे ४१ टक्क्यांनाच काम मिळाल्याची नोंद होती.

असे का व्हावे? योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातील देयकपद्धती पाहावी. प्रशिक्षण संस्थेला ३० टक्के रक्कम वर्ग सुरू होताना, ५० टक्के प्रमाणपत्रानंतर आणि केवळ २० टक्के नोकरी लागल्यावर मिळे. म्हणजे ८० टक्के पैसा कागद तयार होताच हाती पडे. तो कागद तपासणारा अधिकारी दूर, त्याच्यासमोर संगणकाचा पडदा. ज्या मुलाचे नाव त्या पडद्यावर आहे, तो खरोखर वर्गाला जातो की नाही हे त्याच्या शेजाऱ्याला ठाऊक असते. पण शेजाऱ्याला कोणी विचारीतच नाही. पुढे आधारशी जोडलेली ओळख व हजेरी आली. ती आवश्यकच आहे. तथापि अंगठ्याचा ठसा माणूस आला एवढेच सांगतो. तो काही शिकला का, हे सांगत नाही.

कौटिल्याने राजकोशाच्या अपहाराचे ४० प्रकार मोजले आहेत. परंतु तो मोजणीवर थांबला नाही. संशयित अधिकाऱ्याच्या कार्यक्षेत्रात दवंडी पिटून, त्याच्यामुळे ज्यांची हानी झाली त्यांना पुढे येऊन सांगण्याचे आवाहन करावे, आणि सांगणाऱ्याची भरपाई करावी, अशी व्यवस्था त्याने घालून दिली. हिशेबाची तपासणी प्रजेच्या साक्षीवाचून पुरी होत नाही, हे आपल्या राज्यशास्त्राला दोन सहस्र वर्षांपूर्वी ज्ञात होते.

आपल्या राज्यघटनेतही त्याचे सूत्र आहे. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत 'तांत्रिक प्रशिक्षण व व्यावसायिक शिक्षण' हा पंचायतींचा विषय म्हणून नमूद आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कौशल्य समिती असते. केंद्रीय योजनांवर लक्ष ठेवण्यासाठी खासदारांच्या अध्यक्षतेखाली 'दिशा' समिती असते. पण अलिबागच्या बैठकीत वहाळच्या एकेका मुलाची ओळख कशी पटणार? त्यातच सिडकोने वसविलेले उलवे २०१६ साली स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेच्या हद्दीबाहेर राहिले. नियोजन करणारे महामंडळ निवडून आलेले नाही, आणि निवडून आलेल्या ग्रामपंचायतीकडे शहराचा आवाका नाही.

अमेरिकेचा अनुभवही बोधप्रद आहे. १९७३ च्या कायद्याने केंद्राचा प्रशिक्षणनिधी तेथील शहरे व परगण्यांच्या हाती सोपविला. वशिलेबाजीच्या तक्रारींनी तो बदनाम झाला आणि १९८२ साली त्याच्या जागी दुसरा कायदा आला. आज २०१४ च्या कायद्यानुसार स्थानिक मंडळे देखरेख करतात, आणि प्रशिक्षण संपल्यानंतरच्या दुसऱ्या व चौथ्या तिमाहीत माणूस कामावर आहे का, यावर यश मोजले जाते.

यातून दोन धडे मिळतात. गावकी, नातीगोती, पक्ष यांपासून आपली ग्रामपंचायतही मुक्त नाही. म्हणून निवड आणि पैसा तिच्या हाती देऊ नये. मात्र साक्ष तिचीच घ्यावी. तुकडी सुरू होताच प्रशिक्षणार्थ्यांची यादी ग्रामसभेत वाचली जावी. केंद्र उघडे आहे का, यंत्रे आहेत का, शिकविणारा येतो का, हे पालकांनी व बचत गटांतील भगिनींनी पाहावे. सहा महिन्यांनी आणि वर्षाने तीच यादी पुन्हा वाचावी: कोण कामावर आहे, कोठे, किती वेतनावर? ही नोंद जिल्हा समितीकडे पोहोचेपर्यंत संस्थेचा शेवटचा हप्ता अदा होऊ नये, आणि तो हप्ता नाममात्र नसावा.

महाराष्ट्राला हे नवे नाही. रोजगार हमीचा कायदा या राज्याने १९७७ साली देशात सर्वप्रथम केला. हजेरीपटावरचे नाव खरे की खोटे, हे कामावरच्या मजुराइतके कोणीच जाणत नाही, ही शिकवण त्या योजनेनेच दिली.

बंधू-भगिनींनो, ग्रामीण युवकांसाठीच्या केंद्राच्या एका कौशल्य योजनेला पंडित दीनदयाळ उपाध्यायांचे नाव आहे. अंत्योदय म्हणजे रांगेतील शेवटच्या माणसाचा उदय. तो शेवटचा माणूस दिल्लीहून दिसत नाही. पुढच्या दारातून दिसतो. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घेण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. यादी मागावी, ती मोठ्याने वाचावी, आणि वर्षभराने पुन्हा वाचावी.