सौर वीजजोडणी आणि हातातील हत्यार

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सौर ऊर्जेच्या निरनिराळ्या योजनांविषयी आपण सकाळपासून बरेच ऐकले. माझा विषय त्या मानाने अगदी साधा, कित्येकांना क्षुल्लकही वाटावा असा आहे. मी पक्कड, पेचकस, तार सोलण्याचे हत्यार आणि मीटर यांविषयी बोलणार आहे. २०१९ मध्ये पीएम-कुसुम योजना आली आणि शेतोशेती सौर पंप दिसू लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू झाली व एक कोटी घरांच्या छपरांवर सौर संच बसविण्याचे उद्दिष्ट ठरले. पॅनेलची हमी कंपनी वर्षानुवर्षांची देते. परंतु एका पॅनेलची तार दुसऱ्याला जोडणारे जे करंगळीएवढे टोक असते, त्याची हमी कोण देणार? ते टोक ज्या हत्याराने दाबले गेले, त्या हत्यारावरच ती अवलंबून असते.

प्रथम एक मर्यादा सांगितली पाहिजे. महावितरणच्या वाहिनीला जोडलेला छपरावरील संच, किंवा अनेक पॅनेल एकापुढे एक जोडून तयार झालेली माळ, हे हौशी माणसाचे काम नव्हे. ते परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावयाचे असते. एका मोठ्या पॅनेलचा दाब ४० ते ५० व्होल्ट असतो. दहा पॅनेलांची माळ केली की तोच साडेचारशेच्या घरात जातो. घरातला, शाळेतला किंवा गोठ्यातला १२ व्होल्टचा लहान संच मात्र आपल्या हातांनी जोडता येतो, आणि गावोगावचे तरुण तो जोडतही आहेत. माझे बोलणे मुख्यतः त्यांच्यासाठी आणि त्यांच्या हत्यारांचे पैसे मंजूर करणाऱ्या आपणा सर्वांसाठी आहे.

बारा व्होल्ट म्हणजे धोका नाही, असा एक समज आहे. झटक्यापुरता तो खरा आहे. पण शंभर वॅटचे काम २३० व्होल्टवर अर्ध्या अँपिअरपेक्षा कमी प्रवाहात होते, तेच १२ व्होल्टवर करावयाचे तर आठ अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. प्रवाह वाढला की सैल जोडाची उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. नीट दाबलेल्या जोडाचा रोध एक सहस्रांश ओहमहूनही कमी असतो. समजा, तो एक दशांश ओहम झाला, तर दहा अँपिअरला त्या इवल्याशा जोडात दहा वॅट उष्णता निर्माण होते, आणि तीही भर उन्हात, तापलेल्या पत्र्यावर, रोज पाच-सहा तास.

हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरे झाले असते. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या छपरावरील जोडणी मी स्वतः केली. एमसी-फोर जोडाची पिन दाबण्याचे क्रिम्पिंग टूल त्या दिवशी जवळ नव्हते. उद्घाटनाची वेळ ठरली होती, पाहुणे निघाले होते. मी पक्कडीने पिन दाबली, ओढून पाहिली, घट्ट वाटली. मीटरवर व्होल्टेज बरोबर आले, दिवे लागले, हारतुरे झाले. पुढच्या उन्हाळ्यात तो जोड वितळला आणि खालचा लाकडी वासा हातभर काळा पडला. शाळेला सुट्टी होती, म्हणून मी आज आपल्यासमोर हे सांगू शकतो. दोष पॅनेलचा नव्हता की तारेचाही नव्हता. पक्कड तांब्याला दोन बाजूंनी चेपते. क्रिम्पिंग टूल त्याला चहूबाजूंनी आवळून तारा आणि पिन एकजीव करते, इतके की मध्ये हवेलाही जागा उरत नाही. चेपलेल्या पिनेत हवा शिरते, ओलावा शिरतो, तांबे काळवंडते आणि रोध वर्षभर मुकाट्याने वाढत राहतो.

म्हणून पेटीतील पहिला खर्च क्रिम्पिंग टूलवर करावा. ते रॅचेटचे असावे; म्हणजे पूर्ण दाब बसल्याखेरीज त्याचा जबडा उघडतच नाही आणि दाबणाऱ्याचा हात थकला तरी काम अर्धवट राहत नाही. जबड्यावर अडीच, चार व सहा चौरस मिलिमीटर असे आकडे कोरलेले असतात. ज्या जाडीची तार, तोच खाचा. साध्या लगचे टूल आणि एमसी-फोर पिनेचे टूल वेगवेगळे असते, हे दुकानदार पुष्कळदा सांगत नाही. विकत घेण्यापूर्वी एक पिन दाबून घ्यावी आणि ती करवतीने आडवी कापून पाहावी. तारांमध्ये पोकळ्या दिसल्या तर ते टूल दुकानातच ठेवावे. दोन निरनिराळ्या कंपन्यांचे जोड एकमेकांत बसतात म्हणून बसवू नयेत, हेही ओघाने सांगतो.

तार सोलण्याचे काम आपल्याकडे ब्लेडने, पक्कडीने, काही ठिकाणी दातांनीही होते. चार चौरस मिलिमीटरच्या सौर केबलमध्ये कलई केलेल्या सुमारे ५६ बारीक तारा असतात. ब्लेडने सोलताना त्यांतल्या आठ तुटल्या, तर केबलचा सातवा हिस्सा तेथेच गेला. उत्तम स्ट्रिपर तो, जो आवरण कापतो आणि तांब्याला ओरखडाही काढत नाही. आपल्याच केबलचा तुकडा खिशात घेऊन दुकानात जावे आणि सोलून पाहावे. दुकानदार रागावला तर दुसरे दुकान.

आता टेस्टरविषयी. खिशातला निऑन टेस्टर घरातल्या प्रत्यावर्ती प्रवाहासाठी असतो. जमिनीशी न जोडलेल्या पॅनेलच्या तारेला तो लावला तर बहुधा पेटणार नाही, आणि तार मृत आहे असे समजून माणूस हात घालील. सौर कामात टेस्टरवर विश्वास ठेवू नये. डीसी व्होल्टेज मोजणारा मल्टीमीटरच हवा. माळेजवळ वापरावयाचा असेल तर तो १००० व्होल्ट डीसी आणि कॅट-तीन दर्जाचा असावा, आणि त्याच्या तारांवरही तोच दर्जा छापलेला असावा. क्लॅम्प मीटर घेताना तो डीसी अँपिअर दाखवितो काय हे विचारावे. स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी प्रवाह मोजतात आणि डीसी तारेवर निमूटपणे शून्य दाखवितात. त्या शून्याइतके फसवे काही नाही. कारण घरातला प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून त्याची ठिणगी विझते; पॅनेलचा प्रवाह तसा शून्यावर येत नाही आणि त्याचा आर्क जळतच राहतो. भार चालू असताना जोड कधीही उपसू नये.

पक्कड आणि पेचकस यांच्या मुठीवरचे रंगीत प्लास्टिक म्हणजे निरोधक आवरण नव्हे. पुष्कळदा ती केवळ पकड बसावी म्हणून चढविलेली टोपी असते. आयईसी ६०९०० या मानकाप्रमाणे तपासलेल्या हत्यारावर दुहेरी त्रिकोणाची खूण आणि १००० व्होल्ट असा आकडा असतो. पेचकसाचे आवरण पात्याच्या टोकाजवळपर्यंत यावयास हवे. बॅटरीच्या कामाला पानाही आवरणाचाच घ्यावा. १२ व्होल्टच्या बॅटरीच्या दोन टोकांवर उघडा पाना पडला तर शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो आणि पाना लाल होतो. बोटातली अंगठी व मनगटातले घड्याळ काढून ठेवावे, हे सांगितले की लोक हसतात. भाजलेले बोट ज्याने पाहिले आहे तो हसत नाही.

पक्कड पारखण्याची रीत सोपी आहे. जबडा मिटून उजेडाकडे धरावी. कापणाऱ्या धारांमधून प्रकाश दिसता कामा नये. पातळ कागद स्वच्छ कापला गेला पाहिजे. खिळ्याजवळ हलवून पाहावी. आडवी हालचाल असेल तर नको. पोलाद घडविलेले असावे, ओतीव नसावे. जालंधर, लुधियाना, राजस्थानातील नागौर आणि आपले नाशिक येथे चांगली हत्यारे बनतात. परदेशी नावाचा मोह धरण्याचे कारण नाही.

येथे बसलेल्या अधिकाऱ्यांना एक विनंती. हत्यारांच्या पेट्या आपण खरेदी करतो तेव्हा मागणीपत्रात केवळ ‘क्रिम्पिंग टूल, नग एक’ असे लिहिले जाते, आणि मग सर्वांत कमी दराचे टूल येते, कारण तेही क्रिम्पिंग टूलच असते. त्याऐवजी ‘रॅचेटचे, चार व सहा चौरस मिलिमीटरच्या एमसी-फोर पिनेसाठी’ असे लिहावे. मीटरपुढे ‘डीसी १००० व्होल्ट, कॅट-तीन’ असे लिहावे आणि नमुना दाबून, कापून पाहिल्यावरच पसंती द्यावी. एकवीस नगांची पेटी घेण्यापेक्षा सहा चांगली हत्यारे घेतली, तर रक्कम तेवढीच लागेल. ती शाळेच्या किंवा पंचायतीच्या कपाटात नोंदवहीसह ठेवली, तर एका पेटीवर गावातल्या चार मुलांचे काम भागेल. क्रिम्पिंग टूल रोज लागत नाही. पण ज्या दिवशी लागते त्या दिवशी दुसरे काही चालत नाही.

टेबलावर मी दोन पिना कापून ठेवल्या आहेत. एक क्रिम्पिंग टूलने दाबलेली आहे, दुसरी त्या शाळेच्या छपरावरची, पक्कडीने दाबलेली. शेजारी भिंगही आहे. चहापूर्वी एकेकाने येऊन पाहून जावे.