न्येनगाओ: नाव केक, पण खरं काम चिकटपणाचं

दिवसभर कोड लिहितो आणि शनिवार-रविवारी स्वयंपाकघरात डीबगिंग करतो, तोच मी. आजचा पदार्थ आहे न्येनगाओ. चिनी नववर्षाला होणारा, वाफवलेला, चिकट तांदळाचा गोड केक.

आधी नाव समजून घेऊ. चिनी भाषेत ‘न्येन’ म्हणजे वर्ष, आणि ‘चिकट’ या शब्दाचा उच्चारही तसाच. ‘गाओ’ म्हणजे केक, आणि ‘उंच’ या शब्दाचा उच्चारही तोच. म्हणजे हा खाल्ला की दरवर्षी आपण थोडे वर चढणार! चुलीच्या देवाचीही एक गोष्ट सांगतात. नववर्षाच्या थोडं आधी हा देव स्वर्गात जाऊन घराचा रिपोर्ट देतो. म्हणून त्याला चिकट गोड पदार्थ द्यायचा. तोंड चिकटलं की तक्रार कशी करणार?

तर चिकटपणा हाच मुख्य मुद्दा. रेसिपीतली प्रत्येक पायरी त्याच्यामुळेच ठरते.

पहिलं, पीठ. मोदकाचं पीठ इथे चालणार नाही. तांदळाच्या स्टार्चमध्ये दोन घटक असतात, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. बासमतीत अमायलोज साधारण 20 टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणून भात मोकळा होतो. चिकट तांदळात ते जवळपास नसतंच, सगळा खेळ अमायलोपेक्टिनचा. पाकिटावर ‘ग्लुटिनस राइस फ्लोअर’ लिहिलेलं असतं, पण त्यात ग्लुटेन अजिबात नसतं. आपल्याकडे आसामचा बोरा साऊल याच प्रकारातला तांदूळ आहे. त्याचं बारीक, चाळलेलं पीठ मिळालं तर उत्तम.

प्रमाण लिहून घ्या: पीठ 200 ग्रॅम, गूळ 150 ग्रॅम, पाणी 200 मिली, चिमूटभर मीठ. दक्षिण चीनमध्ये यासाठी उसाच्या तपकिरी साखरेच्या वड्या वापरतात. आपला गूळ त्यांचा जवळचा नातेवाईक.

पाण्यात गूळ विरघळवा. पाक करायचा नाही. गाळून घ्या आणि कोमट होऊ द्या. उकडीच्या सवयीने आपला हात उकळत्या पाण्याकडे जातो, पण इथे उलटं आहे. उकळतं पाणी पडलं की बाहेरचं पीठ लगेच शिजतं, आतलं कोरडं राहतं आणि गुठळ्या होतात. कोमट पाणी थोडं थोडं घालत ढवळा. सरसरीत, ओतता येईल असं मिश्रण हवं. दाट वाटलं तर चमचा-दोन चमचे पाणी वाढवा. मग एकदा गाळणीतून काढा.

सहा इंचाच्या डब्याला तेल लावा, तळाशी केळीचं पान घाला. मलेशिया-सिंगापूरकडेही हा केळीच्या पानात वाफवतात. मोदकपात्रात किंवा मोठ्या पातेल्यात डबा ठेवा. झाकणाला फडकं बांधा, नाहीतर वाफेचे थेंब वर पडून खड्डे होतात. मध्यम आचेवर साधारण एक तास वाफवा. पाणी आटलं तर उकळतंच घाला, म्हणजे वाफ तुटत नाही.

झाला कसं ओळखायचं? नेहमीच्या केकसारखी सुरी कोरडी बाहेर येणार नाही, ती चिकटणारच. रंग गडद आणि थोडा पारदर्शक झालाय का बघा. मधोमध काडी घालून काढा. तिला पांढरं, कच्चं पीठ दिसलं तर अजून पंधरा मिनिटं.

आता सगळ्यात अवघड पायरी: थांबणं. गरम असताना कापू नका, नुसता लगदा होईल. पूर्ण गार करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, स्टार्च घट्ट होतो. मग तेल लावलेल्या सुरीने कापा. बोटभर जाड काप फेटलेल्या अंड्यात बुडवून तव्यावर परता. अंडं खात नसाल तर थोड्या तेलावर तसाच परता. बाहेर खुसखुशीत, आत ताणला जाणारा.

आणि एक गोष्ट कृपया हलक्यात घेऊ नका. हा पदार्थ घशात अडकू शकतो. जपानमध्ये मोची या अशाच चिकट पदार्थाने दर नववर्षाला माणसं गुदमरतात, आणि टोकियोचं अग्निशमन दल दरवर्षी इशारा देतं. माझ्या आजीला कवळी आहे. “मला पण दे की रे,” म्हणाली. नाही कसं म्हणणार? नखाएवढे तुकडे केले, पाण्याचा पेला ठेवला आणि शेजारी बसलो. “आजी, एक संपला की मगच दुसरा.” तिने चार खाल्ले, शांतपणे चावून. अगदी लहान मुलांना आणि गिळायला त्रास होणाऱ्यांना मात्र देऊच नका. गूळ भरपूर आहे, त्यामुळे मधुमेह असलेल्यांनीही जपून.

चिनी नववर्ष 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारीच्या दरम्यान येतं. पण पीठ हाताशी असेल तर या शनिवारी वाफवा, रविवारी परता. तुमचा कसा झाला ते व्हॉइस नोटवर सांगा. भेटू पुढच्या भागात!