कॅमेरे निघून गेल्यावर



कंपनीवर बालंट आलं की आतल्या मंडळींची पहिली धावपळ असते ती पत्रकार परिषदेची. बोलणार कोण, अवघड प्रश्न आला तर टोलवायचा कसा, यावर रात्री जागवल्या जातात. परिषद पार पडली की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. आणि टीकेला खरी धार चढते ती तिथून पुढे. मी आज बोलणार आहे ते त्या पुढच्या दिवसांबद्दल.

५ जून २०१५ची दिल्ली आठवून पाहा. नेस्ले या स्विस कंपनीचे जागतिक प्रमुख पॉल बुल्के स्वतः पत्रकारांसमोर आले होते. उत्तर प्रदेशात बाराबंकीला घेतलेल्या मॅगीच्या नमुन्यात कोलकात्याच्या प्रयोगशाळेला शिसं सापडलं होतं. मर्यादा दहा लाखांत अडीच भागांची आणि अहवालातला आकडा १७.२. शिवाय पाकिटावर ‘एमएसजी घातलेलं नाही’ असं छापलेलं असताना नमुन्यात एमएसजी, म्हणजे चव वाढवणारं मोनोसोडियम ग्लुटामेट, मिळालं, हा वेगळा ठपका. बुल्के यांच्या बोलण्याचा मथितार्थ असा होता की, मॅगी सुरक्षितच आहे, पण गोंधळ इतका माजला आहे की आम्ही ती बाजारातून काढून घेत आहोत. त्याच दिवशी केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा बंदीहुकूमही निघाला.

तर्काने पाहिलं तर बुल्के यांच्या बोलण्यात खोट काढता येत नाही. पण घरात टीव्हीसमोर बसलेल्या माणसाने त्याचा अर्थ काय लावला? सुरक्षित आहे म्हणता, मग परत कशाला नेता? नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय. जिने परवाच पोराला डब्यात मॅगी दिली, त्या आईला एवढंच हवं होतं की माझ्या मुलाने खाल्लं त्याचं काय, ते कुणीतरी सांगावं. तिच्या कानावर पडत राहिलं ते मात्र नमुने, तुकड्या, चाचण्या आणि दहा लाखांत किती भाग. उत्तर प्रयोगशाळेला दिलं जात होतं आणि प्रश्न स्वयंपाकघरातून आला होता.

एमएसजीचं तर त्याहून गमतीदार. कंपनीचा खुलासा असा की आम्ही ते वरून घालत नाही, पण शेंगदाण्याच्या प्रथिनात, कांद्याच्या पुडीत, गव्हाच्या पिठात ग्लुटामेट मुळातच असतं. रसायनशास्त्राच्या पेपरात या उत्तराला पैकीच्या पैकी गुण मिळतील. पण मग पाकिटावर ती फुशारकी मारायला तुम्हाला सांगितलं कोणी होतं? टीका नेमकी तिथेच बोट ठेवत होती, आणि त्या एका जागी ‘हे चुकलंच, काढून टाकतो’ एवढं सुरुवातीलाच म्हटलं असतं, तर पुढची निम्मी सारवासारव वाचली असती, असं माझं मत आहे. वकील मंडळींना हे पटत नाही. त्यांना कबुलीची धास्ती असते, आणि ती अगदीच अनाठायी नसते, हेही सांगून टाकतो.

आपल्या मुंबईत याआधी असा एक धडा गिरवून झाला होता. ऑक्टोबर २००३मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला डेअरी मिल्कच्या वड्यांमध्ये अळ्या आढळल्या. कॅडबरीचं पहिलं उत्तर काय? दुकानदारांनी माल नीट ठेवला नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात वाण्याच्या फळीवर चॉकलेटची काय गत होते ते आपण पाहतोच, तेव्हा म्हणण्यात तथ्य असेलही. पण तुमचा माल विकणारा, गिऱ्हाइकाला ‘घ्या हो, काही होत नाही’ असं सांगू शकणारा एकुलता एक माणूस तोच. त्याच्याच माथी खापर फोडून काय साधलं? ऐन दिवाळीत विक्री घसरली. मग काही काळ जाहिराती थांबल्या, दुकानदारांना माल कसा ठेवायचा ते शिकवायची मोहीम निघाली आणि २००४च्या जानेवारीत नवं, जास्त घट्ट वेष्टन आलं. त्याच्या जोडीला पडद्यावर अमिताभ बच्चन. लोकांच्या लक्षात अमिताभ राहिले. मी श्रेय देईन ते वेष्टनाला. महानायकाच्या हातात दाखवायला काहीतरी बदललेलं होतं, म्हणून त्यांचं बोलणं निव्वळ रदबदली वाटलं नाही.

टीका झाली की दुसऱ्याच दिवशी तोच खुलासा जरा मोठ्या आवाजात करायची खुमखुमी येते. ती आवरावी. हातात नवीन काही नसताना पुन्हा कॅमेऱ्यासमोर गेलं की जुनी बातमी ताजी होते, एवढंच. तोवर तक्रारीचा फोन उचलणाऱ्या मुलीला खरी माहिती द्यावी. रोज शेकडो लोकांशी कंपनीच्या वतीने तीच बोलत असते, आणि कित्येकदा तिलाच सगळं वर्तमानपत्रातून कळतं.

नेस्लेने पुढे हे बरंचसं केलं. २०१५च्या ऑगस्टमध्ये सुरेश नारायणन भारतातल्या कंपनीचे प्रमुख झाले. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्टला बंदी रद्द केली, कारण कंपनीचं म्हणणं नीट ऐकून घेतलं गेलं नव्हतं आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर भिस्त होती त्यांना आवश्यक ती मान्यता नव्हती. तरीही न्यायालयाने मोहाली, जयपूर आणि हैदराबादच्या प्रयोगशाळांत नव्याने तपासणी करायला लावली. त्यात मॅगी उत्तीर्ण झाली. कज्जा जिंकलेल्या दिवशी गुलाल उधळण्यापेक्षा या निकालांची वाट पाहणं शहाणपणाचं होतं.

धनत्रयोदशीला, ९ नोव्हेंबरला, मॅगी दुकानांत परतली. दरम्यान हजारो टन माल सिमेंटच्या भट्ट्यांमध्ये जाळून झाला होता. नव्या पाकिटावर एमएसजीबद्दलची ती ओळ नव्हती. आधी सुमारे तीन चतुर्थांश बाजार हाताशी असलेल्या कंपनीला पुढे साठ टक्क्यांच्या आसपासच समाधान मानावं लागलं, कारण मधल्या पाच महिन्यांत पोरांनी दुसऱ्या नूडल्स चाखल्या होत्या आणि त्यातल्या काही त्यांना आवडल्याही होत्या.