डबल बासचे खांदे

पाश्चात्त्य वाद्यवृंदात वादकाच्या डोक्याहूनही उंच असे एक तंतुवाद्य उभे असते. ते डबल बास होय. व्हायोलिनचा आकार सुमारे तीनशे वर्षांपूर्वी ठरला तो ठरलाच. डबल बासला मात्र अद्याप एकच एक रूप नाही. कोणाचे खांदे व्हायोलिनसारखे रुंद आणि भरलेले, तर कोणाचे जुन्या व्हायोल वाद्यांसारखे उतरते. कोणाच्या कमरेशी टोकदार कोपरे, तर कोणाची कडा गिटारसारखी सलग. सकाळी सिंफनीची तालीम आणि रात्री जॅझ असा ज्याचा चरितार्थ आहे, त्याला दोन उत्तम वाद्ये सहसा परवडत नाहीत. त्याने यांतले कोणते घ्यावे?

मराठी श्रोत्याला येथे तंबोऱ्याचा भोपळा आठवेल आणि मोठ्या पोटाचे वाद्य घ्यावे, असे तो म्हणेल. परंतु डबल बासची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे 41 कंपने करते; त्या स्वराची हवेतील लहर आठ मीटरांहून लांब असते. मीटरभराहून थोडे मोठे असलेले लाकडी पोट ती पुरती फेकू शकत नाही. वरच्या स्वरांशांवरून तो खर्ज कानच बराचसा जुळवून घेतो. म्हणूनच ‘पाऊण’ म्हणून ओळखले जाणारे माप मोठमोठ्या वाद्यवृंदांतही सर्रास चालते.

खरा प्रश्न खांद्यांचा आहे. तार सुमारे 105 सेंटिमीटर लांब. तिच्या मध्याच्या पुढचे स्वर काढायचे तर वादकाला वाद्याच्या खांद्यावरून ओणवे होऊन अंगठा तारेवर टेकावा लागतो. रुंद खांदा तेथे कोपराला अडतो. या अडचणीपायी जुन्या, मोलाच्या इटालियन वाद्यांचेसुद्धा खांदे कारागिरांनी कापून लहान केलेले आहेत. शतकानुशतके मुरलेल्या लाकडाला करवत लावणे हे काही हौसेचे काम नव्हे! बोत्तेसिनीने (1821–1889) याच वरच्या सप्तकात डबल बासला गायला लावले. पुढे 1939 मध्ये ड्यूक एलिंग्टनच्या वृंदात आलेल्या जिमी ब्लँटनने जॅझमध्ये या वाद्याला एकल वादनाचा मान मिळवून दिला. 1942 मध्ये अवघ्या तेविसाव्या वर्षी तो वारला. दोन्ही क्षेत्रांत वावरणाऱ्याने उतरते खांदे पसंत करावेत, हेच शहाणपणाचे. कोपरे असोत वा नसोत; तो बव्हंशी दृष्टीचा विषय आहे.

पाठीचे तसे नाही. सपाट पाठीच्या आत आडव्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. दमट हवेत पाठ फुगते, कोरड्या हवेत आकसते. पट्ट्या तिच्याबरोबर हलत नाहीत आणि पाठीला तडा जाण्याचा संभव राहतो. सपाट पाठीचा नाद चटकन उमटतो, म्हणून ती अनेकांना प्रिय आहे. पण मुंबईसारख्या शहरात, जेथे 2006 पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, पावसाळ्यातून वातानुकूलित सभागृहात नेण्याच्या वाद्याला फुगीर पाठ अधिक निर्धास्त.

उरलेले काम तारा आणि घोडीची उंची यांवर सोपवावे. गजाने वाजवताना स्वर लांब टिकावा लागतो, बोटाने छेडताना त्याचा आरंभ स्पष्ट हवा. घेणाऱ्याने दोन्ही प्रकारे स्वतः वाजवून पाहावे. मग वाद्य दुसऱ्याच्या हाती देऊन खोलीच्या टोकाला जाऊन ऐकावे. जवळून भरदार वाटलेला स्वर पुष्कळदा तेथवर पोहोचतच नाही.