मनाचे दुखणे आणि सोबतीचा आधार
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



या मंगल प्रसंगी एका अप्रिय विषयावर बोलण्याची परवानगी आम्ही मुद्दाम मागून घेतली आहे. आपल्या संस्थेने पन्नास वर्षे विद्यार्थ्यांना वह्यापुस्तके दिली, रुग्णांच्या औषधपाण्याला हातभार लावला. परंतु अंगात ताप नाही, हाड मोडलेले नाही, तरीही माणूस अंथरुणावरून उठत नाही, अशा आजारासाठी आपल्या हिशेबवहीत अद्याप रकाना नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या भजनी मंडळातील एक गृहस्थ हळूहळू दिसेनासे झाले. चतुर्थीला घरोघरच्या आरत्यांत घुमट वाजवावे ते त्यांनीच. त्या वर्षी ते घुमट माळ्यावरच राहिले. ‘स्वारीला गर्व झाला,’ असे आम्ही म्हणालो. वस्तुतः त्यांना झोप नव्हती, अन्न गोड लागत नव्हते, आणि आपण घरावर ओझे झालो आहो हा एकच विचार मनात घोळत होता. त्यांनी सांगितले नाही. आम्ही विचारले नाही. पुरुषाने रडू नये, ही शिकवण आमचीच! आपल्या देशात २०२२ साली आत्महत्येने गेलेल्या दर दहा जणांत सुमारे सात पुरुष होते.

अखेर त्यांच्या पत्नीने निरोप धाडला, “जरा येऊन बसा.” आम्ही जाऊन बसलो. उपदेश केला नाही. “जीव नकोसा होतो का?” हे विचारताना जीभ अडखळली, पण विचारले. अशा विचारण्याने नसता विचार मनात भरतो, ही समजूत खोटी आहे. बऱ्याच वेळाने ते “होय” म्हणाले. त्या रात्री त्यांना एकटे ठेवले नाही. सकाळी डॉक्टरांकडे नेले.

गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. तोवर माणसाला धरून ठेवणे हे सोबत्यांचे काम. आम्ही पाळ्या लावल्या. प्रथम अंगणापर्यंत, मग म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारापर्यंत. मन लागेल तेव्हा काम करू, असे म्हणत थांबायचे नाही. थोडे काम करावे, मन मागाहून येते.

याला आपल्या गोव्यातच शास्त्राचा आधार मिळाला आहे. येथील ‘संगाथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत सुमारे पाचशे स्त्रीपुरुषांवर केलेला प्रयोग २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. समुपदेशक डॉक्टर नव्हते. शिकवून तयार केलेली साधी माणसे होती. भेटी सहा ते आठ. तीन महिन्यांनी, नुसत्या नेहमीच्या उपचारावर असलेल्यांपैकी शेकडा ३९ जणांचे नैराश्य ओसरले होते; समुपदेशनाची जोड मिळालेल्यांत ६४ जणांचे.

आमचे ते गृहस्थ आज बरे आहेत. मध्यंतरी एकदा पुन्हा घसरण झाली. पण त्या खेपेस निरोप त्यांनी स्वतः पाठविला. आम्हांस हीच मोठी कमाई वाटते.

विश्वस्तांकडे आमचे मागणे थोडे आहे: आठवड्यातून एक संध्याकाळ एक खोली, आणि चार स्वयंसेवकांच्या शिक्षणाचा खर्च. सरकारची ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य सेवा २०२२ पासून रात्रंदिवस चालू आहे. तो क्रमांक फलकावर लावावा. आणि आपण सर्वांनी येत्या चतुर्थीपूर्वी एवढे पाहावे, की आपल्या वाड्यावर कोणाचे घुमट माळ्यावर राहिले आहे.