ऋतू त्वचेवर वाचावा

(शरद ऋतूच्या प्रारंभी एका व्याख्यानमालेत एका ज्येष्ठ वैद्यांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या व्याख्यानाची पत्रिका छापावयास जाण्यापूर्वी तिच्यावर ‘आयुर्वेद आणि सौंदर्य’ असा विषय होता. संयोजकांना विनंती करून मी तो ‘त्वचा आणि ऋतू’ असा करून घेतला. सौंदर्याशी माझे भांडण नाही. पण सौंदर्य म्हटले की आरसा आठवतो आणि ऋतू म्हटले की अंगण आठवते. आयुर्वेदाचा त्वचाविचार आरशापेक्षा अंगणाच्या अधिक जवळचा आहे, असे मला चाळीस वर्षांच्या चिकित्सेनंतर वाटते.

त्वचा हे स्पर्शनेंद्रियाचे अधिष्ठान. बाहेरचे ऊन, वारा, दव, पाऊस सर्वप्रथम तिच्याशी भिडतात. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात त्वचेचे सात थर सांगितले आहेत. प्रत्येकाची जाडी भाताच्या दाण्याच्या प्रमाणात दिली आहे आणि कोणत्या थरात कोणता विकार उद्भवतो तेही नोंदले आहे. सर्वांत बाहेरच्या थराचे नाव अवभासिनी, म्हणजे वर्ण प्रकट करणारी. त्वचेच्या ठिकाणी राहणाऱ्या पित्ताला भ्राजक पित्त म्हणतात. अंगाला लावलेले तेल आणि लेप पचविण्याचे काम त्याचे. हा ‘पचविणे’ शब्द ध्यानात ठेवावा. पोटाला जसे सर्व ऋतूंत सर्व अन्न पचत नाही, तसे त्वचेचेही आहे. वर्षाचे बारा महिने चालणारा एकच लेप ही कल्पना म्हणूनच शास्त्राला धरून नाही, मग डबीवर कितीही मुनींची चित्रे असोत.

सहा ऋतूंचे गणित आपणांपैकी अनेकांना ठाऊक आहे, म्हणून त्यावर वेळ घालवीत नाही. हेमंत-शिशिरात थंडी आणि रूक्षता, तेव्हा तेल आणि उष्ण उपचार, वसंतात साठलेला कफ पातळ होतो, तेव्हा उद्वर्तन म्हणजे कोरड्या चूर्णाने अंग चोळणे, ग्रीष्मात चंदनासारखे शीत लेप, वर्षा ऋतूत वाताचा प्रकोप, शरदात पित्ताचा. एवढे सूत्र पुरे. मला आज ज्याविषयी बोलावयाचे आहे ते वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील एक दुर्लक्षित प्रकरण आहे. सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायात मुखलेपाचा विधी येतो. तेथे वाग्भटाने एक नव्हे, सहा लेप सांगितले आहेत, सहा ऋतूंसाठी सहा!

हेमंताच्या लेपात बोराच्या आठळीतील गर, अडुळशाचे मूळ, लोध्र आणि पांढरी मोहरी आहे. शिशिरात डोरलीचे मूळ, काळे तीळ, दारुहळदीची साल आणि सोललेले जव. वसंतात दर्भाचे मूळ, चंदन, वाळा, शिरीष, बडीशेप आणि तांदूळ. ग्रीष्मात कमळाच्या जातींसह दूर्वा, ज्येष्ठमध व चंदन. वर्षा ऋतूत पुन्हा तीळ परत येतात, सोबत वाळा, जटामांसी, तगर, पद्मकाष्ठ. शरदाच्या लेपात तालीस, ज्येष्ठमध, तगर, अगरू. ही यादी पाठ करण्यासाठी सांगितली नाही. तीळ केव्हा येतात आणि केव्हा जातात, इकडे पाहावे. स्निग्ध, उष्ण तीळ थंडीत आणि पावसाळ्यात आहेत; वसंतात आणि ग्रीष्मात ते नाहीत. मोहरीचे तेज कडाक्याच्या थंडीतच सोसते. ही बदलाची दृष्टी हाती आली की सर्व द्रव्ये मिळाली नाहीत तरी अडत नाही. काही द्रव्ये आज मिळूही नयेत असे मी म्हणेन. हिमालयातील जटामांसी अतिसंग्रहामुळे संकटात आली आहे आणि स्वस्त चंदनपुडीत चंदन कितपत असते हे विकणाराच जाणे. सहाणेवर उगाळलेले बोटभर चंदन खरे.

याच प्रकरणात लेप लावण्याची रीत आहे. लेपाची जाडी अंगुळाचा चौथा, तिसरा किंवा अर्धा भाग असावी. वात-कफासाठी तो कोमट असावा, अन्यथा शीत. आणि मग येते ती सूचना, जिच्या नेमके उलट आपण घरोघरी करतो. लेप वाळू देऊ नये. वाळलेला लेप त्वचेची कांती बिघडवितो. वाळलाच तर ओला करून मगच काढावा आणि नंतर तेल लावावे. आपल्याकडे मुलतानी माती थापून, चेहरा तडकेपर्यंत पंख्याखाली बसण्याची पद्धत पडली आहे. हसले तर भेगा पडतील म्हणून मुली तासभर मुक्या बसतात. (बोलू नये हे वाग्भटानेही सांगितले आहे, एवढाच काय तो मेळ!) माती वाळताना त्वचेतील ओलावा शोषून घेते, आणि मार्गशीर्षातल्या कोरड्या हवेत हा प्रयोग केला की दुसऱ्या दिवशी गाल फुटतात. मग दोष आयुर्वेदाला.

दिवाळीच्या उटण्याचेही तसेच झाले आहे. उटणे हे कोरडे, रूक्ष द्रव्य. नागरमोथा, कचोरा, आंबेहळद, वाळा यांचे चूर्ण. आपल्या आजीने ते कधी एकटे लावले नाही. आधी तेल, ते जिरेपर्यंत मर्दन, मग उटणे. तेल वगळून रोज उटणे लावणारी माणसे हल्ली भेटतात. परंपरेचा अर्धा भाग उचलला की ती परंपरा उरत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ऋतू कोणता, हे ठरवावयाचे कसे? दिनदर्शिका पाहून? अष्टांगसंग्रहकाराने या प्रश्नाचे जे उत्तर दिले आहे, ते आजच्या काळासाठीच लिहिले असावे असे वाटते. ऋतूची तीन लक्षणे: महिना, राशी आणि स्वरूप. यांत पुढचे लक्षण मागच्यापेक्षा बलवान. म्हणजे महिना एक सांगत असेल आणि प्रत्यक्ष आकाश, वारा व ऊन दुसरेच सांगत असेल, तर आकाशाचे ऐकावे. २०२५ साली मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजीच दाखल झाला. पंचांगात तेव्हा वैशाखही सरला नव्हता. महिन्याच्या हिशेबाने वसंत, अंगावर मात्र वर्षा! त्या आठवड्यात ‘अजून उन्हाळाच आहे’ म्हणून थंड लेप लावणे हे शास्त्राला सोडून झाले असते. चरकाने तर काळाचा अतियोग, हीनयोग आणि मिथ्यायोग हे रोगाचे कारणच मानले आहे. हिवाळ्यात उकाडा, उन्हाळ्यात पाऊस, हा मिथ्यायोग.

हे मी आज ठामपणे सांगतो. पण शिकलो ते एका चुकीतून. व्यवसायाच्या आरंभीच्या वर्षांतली गोष्ट. कार्तिक संपत आला होता, थंडीचा पत्ता नव्हता, आणि परतलेल्या पावसाने हवा ओलीचिंब होती. एक गृहिणी अंग कोरडे पडते म्हणून आल्या. मी पाठांतराच्या भरात हेमंतचर्या सांगितली: रोज तिळाच्या तेलाचे अभ्यंग, वर उटणे. त्यांच्या कमरेला रुपयाएवढा खाजरा चट्टा होता. संकोचाने त्यांनी तो दाखविला नाही, आणि मी विचारले नाही. तो नायटा होता. दमट हवेत तेल आणि चोळणे मिळाल्यावर तो पंधरा दिवसांत पोटापर्यंत पसरला. लाजेने त्या माझ्याकडे परत न येता दुकानातून कुणीतरी सुचविलेली नळी आणून लावू लागल्या. तिच्यात स्टिरॉइड होते. खाज चार दिवसांत थांबली, नळी बंद करताच दुप्पट उसळली. पुढे त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवून बुरशीनाशक औषधांनी तो बरा होण्यास कित्येक महिने लागले. त्या बाईंनी मला एक शब्दही बोल लावला नाही. मला मात्र तेव्हापासून कोणत्याही रुग्णाला तेल सांगण्यापूर्वी अंगावर कुठे चट्टा आहे का, हे विचारण्याची सवय लागली. अशा स्टिरॉइडयुक्त मलमांवर २०१८ साली केंद्र शासनाने चिठ्ठीवाचून विक्रीचे निर्बंध आणले. तरीही ज्या घरात अशी नळी असेल, ती आज रात्रीच बाजूला काढावी. आणि बरेच दिवस वापरली असेल तर एकदम न थांबविता डॉक्टरांना दाखवावी.

पाऊस लांबला तर पहिले काम तेलाचे नव्हे, कोरडेपणाचे आहे. जांघा, काखा, बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या ठेवाव्यात, ओले कपडे अंगावर वाळवू नयेत. कोकणातल्या आणि देशावरल्या माणसाला येथे एकच नियम लावता येत नाही. आनूप आणि जांगल देश हा भेद शास्त्राने उगाच केलेला नाही. देवगडच्या दमट हवेत जे तेल दुपारपर्यंत अंगावर चिकटून राहते, तेच सोलापूरच्या कोरड्या वाऱ्यात तासाभरात जिरून जाते.

आणखी एक विषय टाळता येत नाही. ‘वर्ण्य’ या शब्दाचा अर्थ बाजाराने ‘गोरे करणारे’ असा करून टाकला आहे. चरकाच्या वर्ण्य गणात चंदन, मंजिष्ठा, सारिवा, ज्येष्ठमध, वाळा अशी दहा द्रव्ये आहेत, पण त्याच चरकाने इंद्रियस्थानात कृष्ण, श्याम, श्यामावदात आणि अवदात हे चारही शरीराचे प्राकृत वर्ण म्हणून गणले आहेत. काळा वर्ण त्याच्या लेखी रोग नाही. वर्ण्य म्हणजे ज्याचा जो वर्ण, तो स्वच्छ, सतेज करणारे. लग्न ठरत नाही म्हणून सावळ्या मुलीला घेऊन येणाऱ्या आईवडिलांना मी हे स्थान उघडून दाखवितो. मुलगी ऐकत असते, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

आता आपण शरदाच्या उंबरठ्यावर आहोत, तेव्हा नेमके करावयाचे काय ते सांगून थांबतो. सरत्या ऋतूचे शेवटचे सात आणि येणाऱ्याचे पहिले सात, असे चौदा दिवस म्हणजे ऋतुसंधी. या काळात जुना क्रम हळूहळू सोडावा, नवा हळूहळू धरावा. एका सकाळी सगळे बदलू नये. शरदाचे ऊन पावसाने धुतलेल्या आकाशातून येते, अंगावर पुरळ आणि काळसर डाग याच दिवसांत उठतात. दुपारी डोक्यावर छत्री अथवा पदर असावा. दही, क्षार, दिवसाची झोप चरकाने या ऋतूत वर्ज्य सांगितली आहे. लेप करावयाचा तर ज्येष्ठमध आणि उगाळलेले चंदन दुधात कालवून पातळ लावावे, ओले असतानाच काढावे. त्याआधी कोपराच्या आतल्या बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी; वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, असे समजू नये. लिंबाची फोड चेहऱ्यावर घासून उन्हात जाणाऱ्यांच्या गालावर उठलेले काळे ओघळ मी पुष्कळ पाहिले आहेत. तेल इतक्यात सर्वांगाला नको. डोके, कान आणि तळपाय एवढ्यांना पुरे. सकाळी अंगणात पाऊल टाकताच गारवा जाणवू लागेल आणि पोटऱ्यांवर नखाने पांढरी रेघ उमटेल, त्या दिवशी सर्वांगाला तेल लावण्यास आरंभ करावा, मग पंचांगात महिना कोणताही असो.