मेंदूतील रोपण आणि अंथरुणाशेजारची सेवा
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



गेल्या उन्हाळ्यात आंब्याच्या झाडावरून पडून साकोलीकडील एका तरुणाचे कमरेखालचे अंग लुळे पडले. काही दिवसांनी त्याचे वडील वर्तमानपत्राचे एक कात्रण घेऊन आमच्याकडे आले. "साहेब, तीन एकर धानाचं वावर हाये. इकलं तर हे मशीन माया पोराले बसंन का?" त्यांच्या या प्रश्नाचे उत्तर आज आपणा सर्वांसमोर देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कात्रणातील वृत्त खरे होते. २०११ मध्ये सायकल अपघातात पाठीच्या कण्याला इजा झालेले डच गृहस्थ गर्ट-यान ओस्कम यांच्यावर स्वित्झर्लंडमधील लोझान येथे हा प्रयोग झाला आणि मे २०२३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. चालण्याचा विचार मनात येताच मेंदूवरील दोन रोपणे ते संकेत टिपतात. संगणक त्यांचा अर्थ लावतो आणि मज्जारज्जूवरील तिसरे रोपण स्नायूंना चालना देते. कुबड्यांच्या आधाराने ते चालू लागले, जिनाही चढले. मात्र जंतुसंसर्गामुळे मेंदूवरील एक रोपण काढावे लागले, हेही तितकेच खरे. हा प्रयोग आहे. विकत मिळणारा उपचार नव्हे. म्हणून आम्ही त्या पित्यास म्हणालो, "दादा, वावर विकू नका."

पण केवळ 'नाही' म्हणून रुग्णालयाचे कर्तव्य संपत नाही. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून पंगू झालेले आपल्या महाराष्ट्राचे जवान मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथे जलतरणात भारताला पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांच्या मेंदूत कोणतेही यंत्र नव्हते. होते ते उपचार, सराव आणि जिद्द.

अशा रुग्णाचा घात बहुधा पक्षाघात करीत नाही. शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा संसर्ग करतात. दर दोन तासांनी कूस बदलणे, त्वचा कोरडी ठेवणे, स्वच्छ नळीने वेळेवर लघवी काढणे, सांधे आखडू न देणे, एवढे घरच्यांना शिकविले तर रुग्ण जगतो, बसतो, कामाला लागतो. उद्या ते तंत्र आपल्या दारी आलेच, तर त्याचा लाभ घेण्यास शरीर शाबूत हवे. आजची सेवा ही त्या उद्याची ठेव आहे.

आम्ही वाणिज्य शाखेचे. जमाखर्चाच्या भाषेत सांगतो. हवेची गादी, चाकाची खुर्ची आणि घरोघरी जाणारा व्यायामोपचारतज्ज्ञ, या तीन शीर्षांखाली आपली देणगी पडावी, ही आमची नम्र विनंती आहे.

तो तरुण आता चाकाच्या खुर्चीत बसून वडिलांच्या धानाचा हिशेब लिहितो. वावर अद्याप त्यांचेच आहे.